कागदावरची ओळख, उंबऱ्यातली ओळख



आपल्या घराघरांतून आज एक वाद चाललेला असतो. स्थळ येते ते आधी मोबाइलवर. पत्रिका, फोटो, पगार, उंची असे सगळे एका कागदावर येते, मग मुलगा-मुलगी आपसांत बोलू लागतात, आणि वडीलधारी मंडळी पोहे खायला बसतात तोवर त्या दोघांचे महिना-दीड महिना बोलणे झालेले असते. आजोबा म्हणतात, "माणूस समोर बसल्याशिवाय कळतो का कुठे?" नात उत्तर देते, "आजोबा, तुम्ही आजीला अर्धा तास पाहिलंत, तेवढ्यात तुम्हाला काय कळलं?" आजोबा हसतात, आजी हसत नाही. वाद तिथेच राहतो.

लग्नाचेच कशाला, मैत्रीचे, भावंडांचे, गुरुशिष्यांचेही तेच. दूर राहून, यंत्रातून जुळलेले नाते खरे की समोरासमोरचे खरे? प्रश्न नवा वाटतो, कारण यंत्र नवे आहे. पण माणसे एकमेकांना न पाहता जवळ आली, आणि पाहूनही लांबच राहिली, ही गोष्ट जुनी आहे. तिचे पुरावे आपल्या इतिहासात आहेत आणि त्यातला एक तर आपल्या गावाच्या वेशीवर उभा आहे. आज मी तीन नात्यांची हकिकत सांगणार आहे. एक भेटीतून सुरू होऊन पत्रांत गेले, दुसरे पत्रांतून सुरू होऊन भेटीत आले, आणि तिसरे जवळजवळ पत्रांतच राहिले. त्यानंतर आपल्या आजच्या घरांकडे येऊ.

राजाची छत्री

बऱ्हाणपूर हे पूर्वीपासून निरोपांचे गाव. अकबराने १६०१ साली असीरगड घेतला आणि त्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ दख्खनच्या मोगली कारभाराचे हे मोठे ठाणे होते. उत्तरेकडून दक्षिणेत येणारा प्रत्येक शहजादा, सरदार, व्यापारी आणि जासूद तापी इथे किंवा इथल्या आसपास उतरत असे. दिल्ली-आग्र्याची फर्माने इथून खाली जात आणि दख्खनच्या अर्ज्या इथून वर जात. त्या वाटेवरचा एक थकलेला प्रवासी इथेच थांबला तो कायमचा. मिर्झाराजे जयसिंह १६६७ मध्ये याच गावी वारले. आपण ज्याला राजाची छत्री म्हणतो ते त्यांचे स्मारक. आपल्यापैकी बहुतेकांनी तिथे डबे नेऊन जेवण केलेले आहे. तिच्यामागची गोष्ट मात्र क्वचितच कोणी मुलांना सांगत असेल.

जून १६६५ मध्ये पुरंदरच्या पायथ्याशी शिवाजीमहाराज जयसिंहांच्या छावणीत स्वतः गेले. त्याआधी दोघांमध्ये निरोप आणि वकील चालू होते. जयसिंहांना महाराज माहीत होते ते बातमीदारांच्या लेखी. आता माणूस समोर आला. निकोलाव मनुची हा इटालियन प्रवासी त्या छावणीत होता आणि महाराजांशी आपले बोलणे झाल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. तहात २३ किल्ले गेले, १२ राहिले. पण तहापेक्षा आपल्या विषयाला महत्त्वाचे आहे ते त्या भेटीने तयार झालेले नाते. महाराजांनी पुढे आग्र्याला जाण्याची जोखीम घेतली ती बादशहाच्या शब्दावर नव्हे. मिर्झाराजांनी शपथेवर दिलेल्या भरवशावर ते गेले, आणि आग्र्यातली जबाबदारी जयसिंहांचे पुत्र कुंवर रामसिंह यांच्यावर होती.

इथे थोडे थांबून पाहा. महाराज १२ मे १६६६ रोजी दरबारात उभे राहिले, तेव्हा औरंगजेबाला ते फक्त कागदावरून माहीत होते. जयसिंहांना ते माणूस म्हणून माहीत होते, पण जयसिंह शेकडो कोस दूर दख्खनमध्ये होते आणि त्यांच्या हातात उरली होती ती पत्रे. रामसिंहाला महाराजांची ओळख वडिलांच्या पत्रांतून झालेली. त्या पत्रांवर त्याने महाराजांच्या वर्तणुकीचा जामीन लिहून दिला. आग्र्याहून आंबेरच्या कारभाऱ्यांकडे गेलेली राजस्थानी पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत परकालदास नावाचा कारकून महाराजांचे रूप, बोलणे, आब, त्यांच्याबद्दल शहरात चाललेली बोलणी हे सारे आपल्या वरिष्ठाला कळवतो. समोर बसून पाहिलेला माणूस कागदावर उतरवण्याचा तो फार प्रामाणिक प्रयत्न आहे.

ऑगस्ट १६६६ मध्ये महाराज आग्र्याहून निसटले. मग त्या नात्याचे काय झाले? रामसिंहावर बादशहाची खप्पा मर्जी झाली आणि त्याला दरबार बंद झाला. मुलाची ही अवस्था दूरवर ऐकणाऱ्या जयसिंहांनी वजीर जाफरखानाला जे पत्र लिहिले ते वाचून आजही वाईट वाटते. आपल्या घराण्याच्या सोयरिकीचे आमिष दाखवून शिवाजीला बोलवावे आणि पकडावे, अशी तयारी त्यात ते दाखवतात. शपथेवर शब्द देणारा हाच माणूस होता आणि हे लिहिणाराही हाच. पत्र वजिरासाठी लिहिलेले होते. मुलाचा जीव टांगणीला लागला होता, स्वतःची निष्ठा सिद्ध करायची होती, आणि वाचणारा जे ऐकू इच्छितो ते लिहिणे भाग होते. त्या पत्राप्रमाणे काही घडले नाही. १६६७ मध्ये जयसिंहांकडून दख्खनचा कारभार काढून घेण्यात आला आणि उत्तरेला परतताना बऱ्हाणपुरात त्यांचा अंत झाला.

आजोबांच्या बाजूने आणि नातीच्या बाजूनेही इथे पुरावा मिळतो. भेटीत दिलेला शब्द मोठा होता, इतका की त्यावर एक राजा शत्रूच्या राजधानीत गेला. पण अंतर पडले, तिसऱ्याची सत्ता मध्ये आली, आणि त्याच शब्दाच्या धन्याने कागदावर वेगळेच लिहिले. तेव्हा समोर बसल्याने माणूस कळतो हे अर्धे खरे. माणूस त्या जागी आणि त्या दिवशी कसा आहे एवढे त्याने कळते. तो दूर गेल्यावर, दडपणाखाली कसा वागेल हे भेटीत दिसत नाही. आणि रामसिंहाकडे पाहा. त्याची ओळख कागदावरची, पण जामीन राहून किंमत मोजली ती त्याने.

लालबागेवरून गेलेली पत्रे

दुसरी हकिकत दोनशे वर्षे पुढची. मधल्या काळात गाव निजामाकडून १७६० च्या उदगीरच्या तहाने मराठ्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे राहिले, मग इंग्रजांकडे गेले. आपल्यापैकी पुष्कळ घराणी त्या मधल्या काळात इथे स्थिरावली. आणि मग आली रेल्वे आणि टपाल. १८५४ पासून देशभर वजनानुसार एकच दर झाला, अर्ध्या आण्यात पत्र कुठेही जाऊ लागले. १ जुलै १८७९ पासून एका पैशाचे कार्ड निघाले. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपुरावरून सलग झाला तो भुसावळ, बऱ्हाणपूर, खांडवा असाच. नागपूरमार्गे कलकत्त्याची वाट निघायला अजून वीस वर्षे होती. म्हणून त्या काळी बंगालातून मुंबईच्या बोटीला जाणारी विलायतेची डाक आपल्या लालबाग स्टेशनावरून जात असे.

त्या डाकेच्या थैल्यांत एका मराठी मुलीची पत्रे असणार. तिचे नाव आनंदीबाई जोशी. जन्म १८६५ चा, कल्याणचा. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव वयाने खूप मोठे, आणि नोकरी टपाल खात्यात. त्यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या अमेरिकेतल्या शिक्षणाची चौकशी केली. वाइल्डरांनी मदतीची वाट धर्मांतरातून दाखवली आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या; तिथे तो मजकूर त्यांच्या हाती लागला. कोण कुठली मुलगी, पण त्यांनी तिला पत्र लिहिले. ही १८८० ची गोष्ट. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या.

पुढची तीन वर्षे हे नाते निव्वळ टपालावर वाढले. एका पत्राला उत्तर यायला महिने लागत. पण कसे वाढले ते पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे काय नेसतात, काय खातात, सण कोणते, मुलींची लग्ने केव्हा होतात, विधवांचे काय होते, असे प्रश्न आणि उत्तरे. आनंदीबाईंनी कार्पेंटरबाईंना मावशी म्हणायला सुरुवात केली. आपण मराठी माणसे नात्याला नाव दिल्याशिवाय राहत नाही. नाव दिले की वागणे आपोआप ठरते. आनंदीबाईंची प्रकृती बंगालात ढासळली, डोके दुखे, ताप येई, तेव्हा या न पाहिलेल्या मावशीने अमेरिकेतून औषधे पाठवली. गुण आला नाही, पण पाठवली हे महत्त्वाचे. पत्रात नुसती सहानुभूती लिहिणे फुकट असते. औषध बांधून, पैसे भरून बोटीत टाकणे फुकट नसते.

२४ फेब्रुवारी १८८३ ला आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात जाहीर भाषण करून आपण हिंदू म्हणूनच जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार असे सांगितले. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, एकट्या, म्हणजे पतीशिवाय. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना न्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या. ती त्यांची पहिली भेट. अठरा वर्षांची, नऊवारी नेसलेली, मांसाहार न करणारी मुलगी त्या घरात राहिली आणि पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाली. भेट झाल्यावर पत्रातली मावशी आणि घरातली मावशी यांत फारसा फरक निघाला नाही. का निघाला नाही? कारण तीन वर्षांत त्या दोघींनी एकमेकींना केवळ गोड लिहिले नव्हते. अडचणी विचारल्या होत्या, अटी सांगितल्या होत्या, धर्माची गोष्ट आधीच मोकळी केली होती. समोर आल्यावर उघड होण्यासारखे थोडेच उरले होते.

आता याच काळातली दुसरी बाजू. आनंदीबाई अमेरिकेत आणि गोपाळराव हिंदुस्थानात, म्हणजे नवरा-बायकोचे नातेही आता पत्रांवर आले. हा माणूस ओळखीचा, दहा वर्षे एका घरात राहिलेला, तिला शिकवणारा. आणि त्यांच्या पत्रांत काळजीबरोबर टोमणे असत, संशय असे, आज्ञा असत. आनंदीबाईंनी त्यांना दिलेली उत्तरे शांत आहेत, पण त्यांत जुने दुःखही बोलते. समोर असताना जे सहन झाले ते कागदावर आले तेव्हा तिला पहिल्यांदा शब्दांत उत्तर देता आले, असे म्हणायला हरकत नाही. एकच टपाल, एकच काळ, एकच स्त्री. परक्या बाईशी तिचे नाते त्या टपालाने जोडले आणि नवऱ्याशी असलेले नाते त्याच टपालाने उघडे पाडले. टपालाने नाते बनवले नाही की मोडलेही नाही. जे होते ते वाढवले.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांचे वय बावीस वर्षेही पुरे नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या. दाताच्या दवाखान्यात चाळलेल्या मासिकापासून सुरू झालेले नाते कुटुंबाच्या मातीपर्यंत गेले. आभासी म्हणून त्याला कोण नाव ठेवील?

धारवाडचा पत्ता

तिसरे उदाहरण आपल्यासारख्याच एका सीमेवरच्या मराठी माणसाचे. जी. ए. कुलकर्णी यांचा जन्म १९२३ चा, नोकरी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्याची. 'काजळमाया'चे हे कथाकार फारसे कोणाला भेटत नसत, सभासंमेलनांत दिसत नसत, फोटोत काळा चष्मा. पण पत्रे लिहीत, आणि काय पत्रे लिहीत! सुनीताबाई देशपांडे आणि त्यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला. जी.एं.ची पत्रे खंडरूपाने प्रसिद्ध झाली आणि सुनीताबाईंची 'प्रिय जी. ए.' या नावाने २००३ मध्ये आली. प्रत्यक्ष भेटी मोजक्याच. पुस्तके, चित्रे, माणसे, मरण, एकटेपणा अशा गोष्टींवर त्या दोघांनी जे लिहिले ते बहुधा समोरासमोर बोलले गेले नसते. पु. ल. आणि सुनीताबाईंच्या घरात माणसांची वर्दळ. त्या वर्दळीत बसून एक अबोल माणूस इतके बोलला असता का?

काही माणसांना समोरचा चेहराच अडवतो. लाजाळू, तोतरे बोलणारे, आजारी, घराबाहेर पडू न शकणारे, आणि पूर्वीच्या काळी उंबऱ्याच्या आत राहिलेल्या बायका. त्यांना कागद मिळाला तेव्हा त्यांना आवाज मिळाला. ही गोष्ट आज मोबाइलबद्दल बोलताना आपण विसरतो. दुसरी बाजू अशी की जी.एं.चे ते नाते त्यांच्या रोजच्या घरगुती जगात उतरले नाही. पत्रातल्या मैत्रीला ताप आला तर कपाळावर हात ठेवता येत नाही. लिहिणाऱ्याला ते माहीत होते, वाचणाऱ्यालाही. म्हणून त्यांनी त्या मैत्रीकडून नेमके तेवढेच मागितले जेवढे ती देऊ शकत होती. कदाचित ती टिकली ती यामुळे.

याच्या मधली वाटही मराठीत आहे. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा लग्नापूर्वीचा पत्रव्यवहार 'कुसुमानिल' या नावाने पुस्तकरूपात आहे. त्यात भेटी आणि पत्रे एकमेकांना पुढे ढकलत राहतात. कुसुमावतीबाई १९६१ साली मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, त्या आपल्याच राज्यातल्या ग्वाल्हेरला.

मग आज वेगळे काय?

अमेरिकेतले अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी यंत्रातून होणाऱ्या ओळखीचा अभ्यास करून दोन गोष्टी मांडल्या. १९९२ मध्ये ते म्हणाले की नुसत्या लिखाणातून नाते तयार व्हायला वेळ जास्त लागतो, पण वेळ मिळाला तर ते समोरासमोरच्या नात्याइतकेच खोल जाऊ शकते. आनंदीबाईंची तीन वर्षे आठवा. १९९६ मध्ये त्यांनी पुढची गोष्ट सांगितली की कधी कधी ते गरजेपेक्षा जास्त जवळचे वाटू लागते. लिहिणारा आपली चांगली बाजू निवडून दाखवतो, खोडून पुन्हा लिहू शकतो. आणि वाचणारा उरलेल्या रिकाम्या जागा आपल्या इच्छेने भरतो. जयसिंहांचे वजिराला लिहिलेले पत्र आठवा. वाचणाऱ्यासाठी निवडून लिहिण्याची ती टोकाची तऱ्हा.

आपल्या पूर्वजांना हे कळत होते, म्हणून त्यांनी पत्राला कुंपणे घातली. मायना हे पहिले कुंपण. तीर्थरूप, चिरंजीव, सौभाग्यवती, राजमान्य राजश्री असे लिहिले की कोण कोणाशी कुठल्या नात्याने बोलतो ते पहिल्याच ओळीत ठरे. दुसरे कुंपण म्हणजे कार्ड उघडे असे. पोस्टमन वाचे, शेजारी वाचे, घरात मोठ्याने वाचले जाई. 'श्री' न घातलेले किंवा कोपरा फाडलेले कार्ड हातात आले की अक्षर वाचण्याआधीच घर रडू लागे. तिसरे कुंपण मध्यस्थाचे. स्थळ सुचवणारे मामा, काका, भटजीबुवा हे त्या घराचे जामीन. काही उलटे निघाले तर पुढच्या लग्नात त्यांना तोंड दाखवता येत नसे. रामसिंह होताच तिथे, प्रत्येक सोयरिकीत एक.

आजच्या ओळखीत वेग आला आहे आणि ही तिन्ही कुंपणे पडली आहेत. मायना नाही; अनोळखी माणूस पहिल्याच दिवशी 'तू' म्हणतो. उघडे कार्ड नाही. बोलणे दोघांच्या मुठीत. जामीन नाही, स्थळाच्या यादीतला माणूस कोणी सुचवलेला नसतो, तो स्वतःच स्वतःला सुचवतो. काही बाबतींत हे चांगले झाले. जुन्या कुंपणांनी पुष्कळ मुलींचे बोलणेच बंद केले होते, आणि मध्यस्थही सगळेच खरे बोलत असे नाही. पण फसवणूक होते ती बहुधा याच मोकळ्या जागेत, आणि ज्या घरात ती झाली ते घर चारचौघांत बोलत नाही. म्हणून मुलांना "मोबाइल ठेव" म्हणण्याऐवजी तीन प्रश्न विचारायला शिकवावे, असे मला वाटते. या माणसाला ओळखणारा आणि त्याच्यासाठी शब्द देणारा तिसरा कोण आहे? आतापर्यंत त्याने बोलण्याखेरीज काय केले, औषधाची पुडी कधी पाठवली का? आणि अडचणीच्या गोष्टी भेटीआधी बोलून झाल्या का? या तीन प्रश्नांना उत्तरे असतील तर ओळख कागदावरची आहे की पडद्यावरची, याने फार बिघडत नाही. नसतील तर ती पोह्यांच्या बशीसमोर झाली तरी कच्चीच.

आपल्या घरांचा प्रश्न

आता एक गोष्ट जी पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांपुढे बोलावी लागली नसती. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी दोन्ही राज्यकारभाराच्या भाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची रचना बदलली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, निमाड इकडे राहिला. रावेर, भुसावळ, जळगाव ही आपली सोयऱ्यांची गावे. गाडीने तास-दोन तासांची, पण राज्य दुसरे. आपल्या मुलांची शाळा हिंदी झाली, आता इंग्रजीही झाली. बोलायची मराठी घरात राहिली. लिहायची मराठी मात्र एका कारणासाठी राहिली होती, आणि ते कारण म्हणजे पत्र. माहेरी खुशाली कळवायची, मामाला परीक्षेचा निकाल कळवायचा, आत्याला राखी पोचल्याचे लिहायचे. आपल्या किती तरी आज्या मराठी लिहायला शिकल्या त्या शाळेत नव्हे, या पत्रांपायी.

टेलिफोन आला तेव्हा ही सवय कमी झाली, मोबाइल आल्यावर संपली. तारसुद्धा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आज नातवाचा चेहरा आजीला रोज दिसतो, अमेरिकेतली सून स्वयंपाकघरातून पुरणाचे प्रमाण विचारते, आजारी माणसाला दूरचा मुलगा पाहू शकतो. हे सुख लहान नाही आणि ज्यांनी महिनोन्‌महिने पोस्टमनची वाट पाहिली त्यांनी तर त्याला नावे ठेवू नयेत. नाते उलट अधिक रोजचे झाले आहे. पण त्या नात्यातून लिहिलेली मराठी निघून गेली. आवाजाचा निरोप ऐकला की पुसला जातो. जे लिहिले जाते ते रोमन अक्षरांत, अर्धे हिंदीत. एका पिढीनंतर या गावात मराठी बोलणारे असतील आणि मराठी वाचता न येणारेही तेच असतील. मोबाइलने नात्याचे काय केले याची आपण चर्चा करतो. आपल्यासारख्या सीमेवरच्या कुटुंबांत त्याने भाषेचे काय केले, हा माझ्या मते जास्त निकडीचा प्रश्न आहे.

आणि त्याला जोडून इतिहासाचा प्रश्न. मराठ्यांचा इतिहास उभा राहिला तो पत्रांवर. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळवली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडांमागून खंड छापली. ती पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणीही इतिहासासाठी लिहीत नव्हता. परकालदासालाही वाटले नसेल की साडेतीनशे वर्षांनी बऱ्हाणपुरात त्याचे नाव घेतले जाईल. आपल्या घरच्या माळ्यावर, तारेत ओवलेली, पत्र्याच्या पेटीत ठेवलेली कार्डे आणि अंतर्देशीय पत्रे आहेत. त्यांत या गावच्या मराठी माणसांची शंभर वर्षे आहेत. गिरणी, दुष्काळ, प्लेगच्या आठवणी, फाळणीनंतरचे दिवस, राज्य बदलले तेव्हाची चिंता, मुलींची लग्ने, भावकीचे तंटे. दिवाळीच्या साफसफाईत दर वर्षी त्यातली काही रद्दीत जातात.

मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. पहिली, या वर्षापासून घरोघरची जुनी पत्रे मागवावीत. ज्यांना मूळ द्यायचे नसेल त्यांच्या पत्रांचे मोबाइलवरच फोटो काढून जतन करावेत. या यंत्राचा असाही उपयोग आहे. खासगी मजकूर झाकून ठेवण्याची मुभा घरच्यांना असावी. दुसरी, मुलांसाठी पत्रलेखनाचा उपक्रम ठेवावा, पण स्पर्धा नको. प्रत्येक मुलाने वर्षातून चार पत्रे मराठीत, हाताने, खऱ्या पत्त्यावर, खऱ्या नातेवाइकाला लिहावीत आणि उत्तर आले की नाही ते कळवावे. पत्र लिहिणारा आपोआप मायना शिकतो, आणि मायना शिकताना आपले नाते शिकतो. ज्याला "तीर्थरूप" कोणाला लिहायचे आणि "चिरंजीव" कोणाला हे कळते, त्याला आपण कोणाचे कोण हे विचारावे लागत नाही.

नाते कुठे सुरू झाले यावर त्याचे खरेपण ठरत नाही, एवढे या तीन हकिकतींवरून मला दिसते. ते कशासाठी आणि किती किंमत देऊन चालवले यावर ते ठरते. भेट हवीच, कार्पेंटरबाई बंदरावर आल्या नसत्या तर त्यांच्या साऱ्या पत्रांचा अर्थ बदलला असता. पण बंदरावर त्यांना यावेसे वाटले ते आधीच्या पत्रांमुळे. आपली मुले कोणत्याही यंत्रातून बोलोत, बोलतील ती मराठीत आणि येतील ती उंबऱ्यापर्यंत, एवढी काळजी आपण घ्यावी. बाकीचे त्यांच्यावर सोडायला हरकत नाही.